चिंचबोळातलं विरलीकरण

चिंचबोळातल्या बायकांना वार कळायला कॅलेंडर लागत नसे. दाराबाहेर येऊन नाल्यात डोकावलं की झालं. लाल असला तर सोमवार, हिरवा असला तर बुधवार आणि काळाकुट्ट असला तर शनिवार. बोळाच्या वरच्या अंगाला महादेवप्पांचा रंगाचा कारखाना होता. सोलापूरच्या मागांवर ज्या चादरी आणि टॉवेल विणले जात, त्यांचं सूत तिथं रंगायचं. सुताला लागेल तेवढा रंग सुताचा, उरलेला बोळाचा. महादेवप्पा तसे धार्मिक. कपाळावर भस्माचे पट्टे ओढल्याशिवाय रंगाच्या डब्याला हात लावायचे नाहीत. नाल्याबद्दल कोणी काही बोललंच तर म्हणायचे, "वाहतंय की पाणी. थांबलंय का? मग झालं तर!"

तेव्हा आणीबाणी होती. गाड्या वेळेवर धावतात असं सगळे म्हणत होते, कारण दुसरं काही म्हणायची सोय नव्हती. पाणी घाण करू नये असा नवा कायदा झाला होता आणि त्या कायद्याचं नवं खातं निघालं होतं. नव्या खात्याला घाण हवी होती. चिंचबोळाने नाल्याविरुद्ध अर्ज करून त्यावर अंगठे उठवले, आणि मुंबईकडचे एक साहेब खरोखरच बोळात आले. त्यांनी नाल्याचं पाणी बाटलीत भरलं, बाटली उन्हात धरली आणि थेट महादेवप्पांच्या कचेरीत जाऊन बसले.

"तुमचं पाणी मर्यादेबाहेर आहे," साहेब म्हणाले.

"बसा साहेब. कॉफी घेणार का उसाचा रस?"

"रंगाचं प्रमाण जास्त आहे. खटला होऊ शकतो."

महादेवप्पांनी रस आणि कॉफी दोन्ही मागवलं. "साहेब, आम्ही अडाणी माणसं. तुम्ही सांगा, करतो."

"टाक्या बांधा. चुना टाका. गाळ बसू द्या. मग वरचं पाणी सोडा."

"खर्च?"

साहेबांनी आकडा सांगितला. महादेवप्पांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओलं झालं. "दुसरा काही मार्ग?"

साहेब रस प्याले. रस गोड होता. "शास्त्रात आणखी एक गोष्ट आहे," ते म्हणाले. "विरलीकरण."

"ते काय असतं हो?"

"सोपं आहे. एक भाग घाण पाणी, त्यात दहा भाग स्वच्छ पाणी मिसळायचं. प्रमाण खाली येतं. मर्यादेत बसलं की आमची हरकत नाही."

महादेवप्पा व्यापारी होते. त्यांनी क्षणभर डोळे मिटून हिशोब केला. "पण साहेब, रंग तर तेवढाच जाणार की नाल्यात?"

"तेवढाच."

"कमी नाही होणार?"

"कणभरही नाही. पण मर्यादेत जाईल."

महादेवप्पांनी शास्त्राला मनापासून नमस्कार केला.

आता प्रश्न उरला दहा भाग स्वच्छ पाण्याचा. सोलापुरात नळाला पाणी येणं हा सण असतो, आणि सण काही रोज येत नाही. पण चिंचबोळात एक आड होता. तळाला जिवंत झरा. भर वैशाखात आजूबाजूच्या विहिरींत कुत्री उतरून सावलीला बसत, तेव्हाही या आडाला पुरुषभर पाणी असे. त्या आडावर सारा बोळ जगत होता, आणि बोळात सगळ्यांत जास्त त्यावर जगत होती केराबाई. दुष्काळात जेऊरकडचं गाव सोडून ती दोन म्हशी घेऊन सोलापुरात आली होती. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. तिनं जागा शोधताना घर पाहिलं नाही, पाणी पाहिलं. आडाशेजारी पत्र्याचा गोठा बांधला आणि चार गल्ल्यांत दुधाचा रतीब लावला. आड होता म्हणून म्हशी होत्या, म्हशी होत्या म्हणून केराबाई होती.

बोळाचे नगरसेवक आबासाहेब एका संध्याकाळी आडावरच्या चिंचेखाली खुर्ची टाकून बसले. शेजारी महादेवप्पा. समोर बोळ.

"नाला स्वच्छ पाहिजे म्हणून अर्ज कुणी केला?" आबासाहेबांनी विचारलं.

"आम्ही," बोळ म्हणाला.

"मग सरकारने ऐकलं का नाही?"

"ऐकलं."

"मग आता सरकारला मदत करायची का अडथळा आणायचा? अडथळा आणणारे हल्ली कुठं जातात ते ठाऊक आहे ना?"

ते सगळ्यांना ठाऊक होतं.  मग आबासाहेबांनी आडावर पंप बसवायचा बेत सांगितला आणि विरलीकरण म्हणजे काय ते हातवारे करून समजावलं. त्यांना तो शब्द फार आवडला होता. त्या एका भाषणात त्यांनी तो इतक्यांदा वापरला की शेवटी कुत्रीसुद्धा त्या आवाजाला कान टवकारायची थांबली.

केराबाई मागून उभी राहिली. "म्हंजे आमचं चांगलं पानी त्यांच्या घाणीत घालायचं?"

"घालायचं नाही बाई. विरलीकरण करायचं."

"मंग गेल्या साली दुधात पानी घावलं म्हनून मला दंड का केला वो? म्याबी त्येच करत हुते की!"

बोळ हसला. आबासाहेबांना हसू आलं नाही. "ती भेसळ. हे शास्त्र."

"पान्यात फरक काय?"

"पाण्यात नाही, माणसात फरक आहे. खाली बस."

एवढी स्वच्छ व्याख्या साहेबांच्या पुस्तकातही नव्हती.

पंप बसला. पहाटे भोंग्याबरोबर सुरू व्हायचा तो दिवे लागेपर्यंत. आडाचं पाणी नळीतून कारखान्यात, तिथं रंगाच्या पाण्याला भेटून नाल्यात. आठवडाभरात नाला लालाचा गुलाबी आणि काळ्याचा राखाडी झाला. पूर्वी वीतभर वाहणारा नाला आता पावसाळ्यासारखा फुगला आणि खालच्या घरांच्या उंबऱ्यांना लागला. तिथली माणसं तक्रार घेऊन गेली, तर आबासाहेब म्हणाले, "दारात नदी आली, त्याचंही रडगाणं?"

इकडे आड उतरत चालला. बायकांनी दोरांना दोर जोडले. पोहऱ्यात पाण्याबरोबर चिखल यायला लागला. गोठ्यातल्या म्हशींना दोन वेळचं पाणी पुरेना, तेव्हा त्यांनी आपला आपण मार्ग काढला. दावं तोडून दोघी नाल्यात जाऊन बसल्या. आख्ख्या बोळात बसण्याजोगं पाणी तेवढंच उरलं होतं, आणि तेही आडाचंच होतं. संध्याकाळी म्हशी घरी आल्या तेव्हा एकीच्या कपाळावरचा पांढरा चांद गुलाबी झाला होता.

दुसऱ्या दिवशी रतिबाच्या घरी मास्तरीणबाईंनी दूध घ्यायला पातेलं पुढं केलं आणि मागं घेतलं. "केराबाई, तुझी म्हैस नटून कुठं निघाली होती?"

"नाल्यात गेल्ती, बाई."

"मग ते दूध आम्हाला नको."

"आवं, नाला मर्यादेत हाय!"

"नाला मर्यादेत असेल. आम्ही नाही." दार लागलं. त्या आठवड्यात अशी बरीच दारं लागली. एका दलालाने येऊन म्हशींची शिंगं चाचपली, शेपट्या उचलून पाहिल्या आणि "पाण्याविना जनावर ठेवून काय करतीस? बाजाराला काढ," असा सल्ला दिला. केराबाईने त्याला शेणाच्या हातानं रस्ता दाखवला. पण रात्री तिला झोप लागली नाही. म्हशी गेल्या तर ती कुठं जाणार? विड्या वळायला तिची बोटं चालत नव्हती आणि गावाकडं तिची कोणी वाट पाहत नव्हतं.

अशात रंगपंचमी आली.

चिंचबोळात रंगपंचमीला पुडीचा रंग खेळत नसत. निम्मा बोळ महादेवप्पांकडे कामाला. वर्षभर ज्यांचे कोपरापर्यंत हात निळे, त्यांना सणालाही तोच रंग कोण लावून घेणार? म्हणून बोळाचा रिवाज पळसाच्या फुलांचा. तुळजापूरच्या घाटातून फुलं यायची, ती आदल्या रात्री घराघरांतून पाण्यात भिजत पडायची. सकाळी केशरी पाणी तयार. अंगाला गार, डोळ्यांत गेलं तरी अपाय नाही. पण यंदा फुलं आली आणि भिजवायला पाणी नाही. प्यायच्या हंड्यात कोण फुलं घालणार?

फुलांचं पोतं घेऊन दाक्षायणी केराबाईच्या दारात आली. अक्कलकोटकडून लग्न होऊन आलेली ही शेजारची सून. पहिलाच सण, त्यामुळे तिला रंग खेळायचाच होता.

"केराक्का, घरात पाणी नाही, तर फुलंच पाण्याकडं नेऊ की."

"म्हंजे?"

"पोतं आडात सोडू. रात्रभर भिजतंय. सकाळी वर ओढून हंड्यात पिळलं की झालं. आडाला काय होतंय? फुलंच आहेत की!"

केराबाईला ती गोष्ट पटली. दोघींनी गोणपाटाचं तोंड शिवलं, दोराला बांधलं आणि अंधार पडायच्या आत आडात सोडलं. दोर चिंचेच्या मुळाला अडकवला. दाक्षायणीने हात जोडले. कोणाला जोडले ते तिलाही ठाऊक नव्हतं.

त्या दोघींना एक गोष्ट ठाऊक नव्हती. रंगपंचमीच्याच दिवशी साहेब नाला पास करायला येणार होते. मुंबईकडच्या माणसाला रंगपंचमी काय ठाऊक. त्याने तारीख दिली ती दिली. कारखान्याच्या फाटकाला आंब्याची डहाळी बांधली होती. हार आणला होता. नाला मर्यादेत आल्याचा दाखला साहेब लिहूनच आणणार होते.

आणि महादेवप्पांनी एक युक्ती केली होती. उगाच धोका नको म्हणून त्या दिवशी त्यांनी रंगाचं काम पार बंद ठेवलं. सगळ्या कढया घासून पालथ्या घातल्या. नाल्यात सोडायचं ते निव्वळ आडाचं पाणी. साहेब बाटली भरतील, बाटली काचेसारखी दिसेल, दाखला मिळेल आणि दुसऱ्या दिवशी लाल चालू.

पहाटे पंप नेहमीपेक्षा लवकर सुरू झाला. आडात पाणी थोडं, पंप दांडगा. पोतं गरगरत नळीच्या तोंडाशी गेलं, ओढलं गेलं आणि जुनं गोणपाट टराटरा फाटलं. रात्रभर भिजलेली फुलं आडभर पसरली. बायका उठून दोर ओढायला आल्या तेव्हा दोराच्या टोकाला नुसता सुतळीचा फास आला.

"अय्यो केराक्का," दाक्षायणी आडात वाकून म्हणाली, "पाणी बघा की!"

केराबाईने बघितलं. आड उगवतीसारखा केशरी झाला होता.

साहेब आले. हार घातला. सनई नव्हती, ती कसर आबासाहेबांनी भाषणानं भरून काढली. "ज्या नाल्याला आपण नाक मुरडत होतो," ते म्हणाले, "त्याच्या काठी आज आपण उभे आहोत, आणि ते केवळ विरली..." ते नाल्याकडे हात करून वळले आणि शब्द तिथंच अडकला.

नळीतून नारिंगी पाणी धो धो पडत होतं. असलं झगझगीत, की नाल्यानं आजवर कधी पाहिलं नव्हतं. आठवड्यातला कुठलाच वार त्या रंगाचा नव्हता.

साहेबांनी हार काढला. "महादेवप्पा, हे काय?"

"साहेब, शपथ घेतो सिद्धरामेश्वराची! आज रंगाचं काम बंद आहे. कढया पालथ्या आहेत, चला दाखवतो. हे नुसतं पाणी आहे!"

"बंद आहे?" साहेबांनी चष्मा वर केला. "का बंद आहे?"

महादेवप्पांच्या लक्षात आलं, पण तोंडातून गेलं ते गेलं. आबासाहेबांनी त्यांच्या पायावर पाय दिला, तोही उशिरा.

"म्हणजे मी येणार म्हणून बंद ठेवलंत. बरं. मग हे पाणी कुठलं?"

"आडाचं."

"शुद्ध आडाचं?"

"शंभर टक्के!"

"आणि ते असलं आहे?" साहेबांचा आवाज एकदम चढला. त्यात राग नव्हता, आनंद होता. ते लगबगीनं आडाकडे निघाले. मागून आबासाहेब, मागून महादेवप्पा, मागून सगळा बोळ. साहेबांनी आडात डोकावलं आणि कोणी देव पाहावा तसे हात काठावर टेकले.

"भूजल प्रदूषण!" ते पुटपुटले. "कारखान्याचा रंग जमिनीतून झिरपत झऱ्यापर्यंत पोचला! या भागातली पहिली नोंद असेल ही. पहिली!"

"नाही हो साहेब," महादेवप्पा रडकुंडीला आले. त्यांचं आयुष्य रंगात गेलं होतं. त्यांनी पाणी तळहातावर घेतलं, नाकाशी नेलं. "हा माझा रंग नाही! माझ्याकडं हा रंगच नाही! हे पळसाचं आहे, फुलाचं!"

"रंगाचा कारखाना तुमचा," साहेब शांतपणे म्हणाले, "आणि रंग फुलांचा?"

लोक हसले. महादेवप्पांनी झटकन पोहरा सोडला, वर ओढला आणि त्यातून एक लिबलिबीत पाकळी काढून साहेबांच्या नाकापुढं धरली. "हे बघा! हे फूल!"

साहेबांनी मान वर करून आडावरच्या झाडाकडे बघितलं. "झाडाखाली आड आहे. फुलं पडणारच."

"साहेब, ती चिंच आहे!"

"असेल," साहेब म्हणाले. झाडांचं खातं वेगळं होतं.

महादेवप्पांनी इकडे तिकडे पाहिलं. बायकांच्या घोळक्यात दाक्षायणी पदरात तोंड खुपसून उभी होती आणि केराबाईच्या हातात दोर होता. "विचारा, या बाईला विचारा! आज रंगपंचमी आहे. ह्या बायका फुलं भिजवतात दरसाल. ह्यांनीच टाकली!"

साहेब वळले. "काय हो बाई? आडात फुलं तुम्ही टाकलीत?"

केराबाईने दोर पाठीमागं नेला. खरं सांगावं आणि पाया पडावं, एवढाच विचार करून ती घोळक्यात उभी होती. आड नासवला म्हणून आपल्याला धरणार. म्हशींना वैरण कोण घालणार, इथवर तिनं मनात ठरवून टाकलं होतं. ती तोंड उघडून बोलणार तेवढ्यात साहेब मागं वळून आपल्या शिपायाला म्हणाले, "आधी तो पंप बंद कर. सील लाव. प्रदूषित झऱ्यातून उपसा म्हणजे गुन्हा आहे."

पंप बंद झाला. कितीतरी दिवसांनी बोळात शांतता पसरली. इतकी, की आडाच्या तळाशी झरा झिरपताना ऐकू येत होता.

केराबाईने उघडलेलं तोंड तसंच ठेवलं, पण त्यातून वेगळंच वाक्य बाहेर पडलं.

"साहेब, हितं प्यायला पानी न्हाय. आमी रंग कशाला खेळू?"

साहेबांना ते पटलं. ते खरंही होतं. त्यांनी केराबाईकडे सहानुभूतीनं पाहून ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

"खोटं बोलतीय!" महादेवप्पा ओरडले. "आबासाहेब, तुम्ही तरी सांगा की!"

आबासाहेबांनी घसा साफ केला. साहेब जिंकत होते हे त्यांना दिसत होतं. "मी पहिल्यापासून म्हणत होतो," ते बोळाकडे वळून म्हणाले, "की जनतेच्या आडाला हात लावू नका."

साहेब गेले. महादेवप्पांवर खटला झाला नाही. त्यासाठी त्यांना मुंबईला दोन चकरा माराव्या लागल्या, आणि तिथंही रस मिळतो. टाक्या बांधायला मुदत मिळाली. मुदतीला मुदत मिळाली. नाला पुन्हा वीतभर झाला आणि पुन्हा सोमवारी लाल, बुधवारी हिरवा वाहू लागला. शास्त्राचं त्याच्यावर फार दिवस लक्ष राहिलं नाही. पण आडावर मात्र लोखंडी खांबाला एक पत्र्याचा बोर्ड आला: 'या आडाचे पाणी प्रदूषित आहे. पिऊ नये. वापरू नये. पंप लावल्यास कायदेशीर कारवाई होईल.'

दोन-चार दिवसांत झऱ्यानं आड भरला. फुलांचा रंग उतरला, तळाची वाळू दिसायला लागली. बायकांनी पोहरे सोडले. म्हशी गोठ्यात उभ्या राहून बादल्या रिकाम्या करू लागल्या, चांद पुन्हा पांढरा झाला आणि मास्तरीणबाईंचं पातेलं पुढं आलं. मे महिन्यात वाट्टेल तिथलं पाणी शोधत हॉटेलवाले आले, बांधकामाचे ठेकेदार टँकर घेऊन आले. दाक्षायणी सातवी शिकलेली. ती कमरेवर हात ठेवून त्यांना बोर्ड वाचून दाखवायची, 'प्रदूषित'वर जरा जास्त जोर देऊन. टँकर तसाच मागं सरकत बोळाबाहेर जायचा.

पावसाळ्याच्या तोंडाला एक पेंटर सायकलवरून आला. हातात कागद, हँडलला रंगाचा डबा. साहेबांनी आडातून भरून नेलेल्या बाटलीची तपासणी होऊन आली होती. पाण्यात अपायकारक काही आढळलं नव्हतं. बोर्ड काढून न्यायचा हुकूम होता. त्यानं पाना काढला आणि खांबाच्या नटाला लावला.

"ए बाबा," गोठ्यातून केराबाई धावत आली, "काय करतुयास?"

"बोर्ड काढतोय मावशी. पाणी शुद्ध हाय म्हणून कागद आलाय."

"कुनाला कळलंय का ते?"

"कुणाला कळायचंय? फायलीत हाय, आन् माझ्या खिशात."

"मंग ऱ्हाऊ दे की खिशात."

"असं कसं? पाणी चांगलं असून बोर्ड वाईट? लोकांस्नी खोटं सांगायचं?"

"आरं, पानी चांगलं हाय असं कागदावर आलं की मागनं पंप येतो. आमाला वाईट पान्यावरच जगू दे."

पेंटर विचारात पडला. तो शेळगीचा होता, त्याच्याही वाडीत विहीर होती आणि तिचंही कोणीतरी येऊन पंपासाठी माप घेऊन गेलं होतं. उन्हानं त्याच्या घशाला कोरड पडली होती. केराबाईने न विचारता पोहरा सोडला, तांब्या भरून दिला. तो बोर्डाखाली उकिडवा बसून घटाघटा प्याला. मग दुसरा तांब्या मागून घेतला, तो सावकाश प्याला. मिशा पुसल्या.

उठून त्यानं पाना पिशवीत टाकला, डबा उघडला आणि मान तिरकी करून बोर्डाकडे बघितलं. उन्हानं एक शब्द फिकट झाला होता. त्यानं ब्रश बुडवला आणि 'प्रदूषित' पुन्हा ठळक गिरवला.